शोकाच्या घरी जाताना: बायबलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात दवाखान्यात ३२ वर्षं सिस्टर, म्हणजे नर्स म्हणून नोकरी केली. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या बायकांबरोबर समाचाराला जाते आहे ती त्याहूनही आधीपासून. कुणाची माती झाली, कुणाला कॅन्सर निघाला, कुणाचं बाळ राहिलं नाही, की आम्ही चौघीपाचजणी जमतो आणि जातो. जाताना रिक्षात, आणि परत येताना तर हमखास, तेच ते प्रश्न निघतात. तेच इथे लिहिले आहेत. मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू नाही. जे वाचलं, जे लोकांच्या घरात बसून पाहिलं आणि जे माझ्या घरात घडलं, त्यातून ही उत्तरं आली आहेत.

दुःख का येतं, याचं बायबलमध्ये एकच उत्तर आहे का?

नाही. बायबल एका बैठकीत लिहिलेलं पुस्तक नव्हे, आणि त्यातले लोक या बाबतीत एकमेकांशी चक्क वाद घालतात. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायात हिशेब सरळ आहे: आज्ञा पाळा, आशीर्वाद मिळेल, मोडा, शाप येईल. नीतिसूत्रांचा सूरही बराचसा तसाच. ईयोबाचं पुस्तक मात्र पहिल्याच वाक्यात सांगतं की हा माणूस सात्त्विक होता, आणि त्यानंतर त्याचं सगळं जातं. 'उपदेशक' या पुस्तकाचा लेखक म्हणतो, नीतिमानाच्या वाट्याला दुष्टाचं फळ येतं आणि दुष्टाच्या वाट्याला नीतिमानाचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. इब्री लोकांस पत्र दुःखाला बापाची शिस्त म्हणतं. प्रेषित पौल आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी करतो. काटा निघत नाही, कृपा मिळते.

हे सगळे आवाज एकाच पुस्तकात बांधले गेले, तेव्हा कुणीतरी विचार करूनच ते शेजारी शेजारी ठेवले असणार. आपण समाचाराला जातो तेव्हा यातलं एकच पान फाडून बरोबर नेतो, आणि अडचण तिथेच होते.

मातीच्या वेळी 'परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले' म्हणावं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझे यजमान गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. मंडळीतले एक वयस्कर गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले. धन्य म्हणा." आणि वाट पाहत थांबले. मी 'धन्य' म्हटलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्यानंतर कितीतरी महिने मला बायबल उघडता आलं नाही.

पुढे कधीतरी तो अध्याय नीट वाचला तेव्हा लक्षात आलं की हे वाक्य ईयोबाला कुणी येऊन सांगितलेलं नाही. ते तो स्वतः म्हणतो. तेही झगा फाडून, डोकं मुंडून, जमिनीवर पडल्यावर. त्याच ईयोबाच्या तोंडून तिसऱ्या अध्यायात जन्मदिवसाला शाप निघतो. दोन्ही बोल त्याचेच, आणि दोन्ही बोलण्याचा अधिकारही त्याचाच.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळते. वचन सुंदर आहे की नाही हे नंतर, आधी ते कुणाच्या तोंडचं आहे ते बघायचं. 'मी', 'माझा', 'मला' असं वचन असेल तर ते दुखावलेल्या माणसाचं आहे. घरातल्या बाईनं स्वतःहून ते म्हटलं तर आपण मान खाली घालून आमेन म्हणावं. पाहुण्यानं ते बाहेरून आणून तिच्या पदरात टाकू नये.

त्याच दिवशी शेजारच्या वहिनी मागच्या दारानं आल्या. त्या ख्रिस्ती नाहीत. मोरीत चहाच्या कपांचा ढीग पडला होता, पन्नासएक तरी असतील. त्यांनी एकेक कप घासला, विसळला आणि ओट्यावर फडकं अंथरून त्यावर पालथा घातला. मग पदराला हात पुसत माझ्या मागे येऊन बसल्या आणि पाठीवर हात ठेवला. हात पाण्यानं गार पडला होता. त्या दिवशी कोण काय बोललं त्यातलं बरंचसं मी विसरले, पण तो गार हात अजून आठवतो.

मग ईयोबाच्या मित्रांचं नेमकं काय चुकलं? ते सांत्वन करायलाच आले होते ना?

सुरुवातीला काहीच चुकलं नाही. अलीफज, बिल्दद आणि सोफर आपापल्या गावाहून ठरवून निघाले. लांबून पाहिलं तर ईयोब ओळखू येईना. मोठ्यानं रडले, झगे फाडले, डोक्यावर धूळ उधळली आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. त्याचं दुःख फार मोठं आहे हे दिसत होतं, म्हणून कुणी एक शब्द बोललं नाही. समाचाराची इतकी चांगली भेट मला अख्ख्या बायबलमध्ये दुसरी सापडत नाही.

पुढे ईयोब बोलला, आणि जे बोलला ते त्यांना ऐकवेना. अलीफज सौम्यपणे सुरू करतो: निर्दोष माणसाचा कधी नाश झालाय का, आठवून बघ. आठव्या अध्यायात बिल्दद त्या बापाला सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, म्हणून देवानं त्यांना त्याचं फळ दिलं. दहा मुलं एका दिवशी गेलेल्या बापाला! अकराव्यात सोफर म्हणतो, तुझ्या अपराधाच्या मानानं देवानं तुला कमीच शिक्षा केली आहे.

मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट अशी की त्यांची वाक्यं सुटी काढली तर पुष्कळदा बरोबर आहेत. अलीफजचं एक वाक्य तर पौलानं करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात शास्त्रवचन म्हणून दिलंय. तरी ४२ व्या अध्यायात देव त्याच अलीफजला म्हणतो की माझा राग तुझ्यावर आणि तुझ्या दोन्ही मित्रांवर भडकला आहे, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. देवाला कोर्टात खेचायला निघालेला ईयोब यथार्थ बोलला, आणि देवाची बाजू मांडणारे तिघे चुकले! पूर्ण पुस्तकात ईयोब पुनःपुन्हा देवाकडे वळून त्याच्याशीच भांडतो. मित्र देवाविषयी भरपूर बोलतात, पण देवाशी एकदाही बोलत नाहीत. शेवटी त्यांच्यासाठी प्रार्थना करायची वेळ ईयोबावरच येते.

आजार, अपघात, पूर ही पापाची शिक्षा असते का?

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद होता, चिखली-आंबेवाडीतून लोकांना बोटीनं काढलं. त्या दिवसांत 'लोकांची पापं वाढली म्हणून पाणी आलं' हे मी हिंदू शेजाऱ्यांकडूनही ऐकलं आणि मंडळीतही ऐकलं. दवाखान्यात तर हे रोजचंच: "सिस्टर, कुठल्या जन्माचे भोग आहेत हो हे?" ख्रिस्ती पेशंट जन्माच्या जागी पाप म्हणतो, एवढाच फरक.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेल्याची गोष्ट येते. येशू विचारतो, ते काय यरुशलेमेतल्या बाकी सगळ्यांपेक्षा मोठे अपराधी होते? आणि स्वतःच सांगतो, नाही. मात्र पुढे ऐकणाऱ्यांना म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप करा. म्हणजे बोट मेलेल्यांकडे नाही, जिवंत श्रोत्यांकडे आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे बघून विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? उत्तर येतं, याचंही नाही, आईबापाचंही नाही.

पण सगळं इतकं सोपं करूनही चालणार नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात संदेष्टा नाथान दावीद राजाला तोंडावर सांगतो की तुझ्या पापामुळे हे मूल दगावेल. हा धागा बायबलमध्ये आहे, आणि नाही म्हटलं तर ते खोटं ठरेल. मला ती जागा वाचताना दर वेळी जड जाते. एवढंच ध्यानात ठेवते की नाथानाला देवानं पाठवलं होतं. समाचाराला जाणाऱ्या आपल्याला असं कुणी पाठवलेलं नसतं.

हेल काढून रडणं ख्रिस्ती माणसाला शोभतं का?

१८५२ साली रॉयल वाइल्डर मिशनरी म्हणून कोल्हापुरात आले, तेव्हापासून इथल्या मंडळीची घडण सुरू झाली. त्या घडणीत केव्हातरी शांतपणे डोळे पुसणं हीच ख्रिस्ती रीत, असं होऊन बसलं. खेड्याकडची आत्या गळ्यात पडून, गेलेल्या माणसाचे गुण गात हेल काढायला लागली की आपली शिकलेली मंडळी अस्वस्थ होतात. मग कुणीतरी पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पत्रातलं वचन काढतं: ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका.

पौलानं खेद करू नका असं म्हटलेलं नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, असं म्हटलंय. तोच पौल इफिसच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचा निरोप घेतो तेव्हा सगळे त्याच्या गळ्यात पडून खूप रडतात. विश्वासासाठी मारल्या गेलेल्या स्तेफनाला पुरणाऱ्या भक्तिमान माणसांनी मोठा शोक केला, असं प्रेषितांची कृत्ये सांगतं. यिर्मयाच्या नवव्या अध्यायात तर देवच विलाप करण्यात तरबेज असलेल्या बायांना बोलावून घ्यायला सांगतो, म्हणजे लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. आणि आपल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी, चारच मिनिटांत त्याला जिवंत बाहेर बोलावणार असतानाही, येशू रडला.

ज्याची मुलगी मेली होती त्या याईराच्या घरी मात्र येशूनं रडणाऱ्यांना बाहेर काढलं. तिथले लोक रडता रडता त्याला हसलेही होते, हे मार्कानं नोंदवलंय. तेव्हा आत्याचं रडणं खरं आहे का, एवढं बघावं. खरं असेल तर तिच्याजवळ सरकून बसावं.

देवाचा राग आला तर ते पाप आहे का?

स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एकतृतीयांश गाऱ्हाण्याची आहेत. 'का?' आणि 'कुठवर?' हे शब्द त्यांत सारखे येतात. बहुतेक गाऱ्हाणी शेवटी स्तुतीकडे वळतात. ८८ वं स्तोत्र वळत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधार याच शब्दाशी संपतं. देवळात म्हणायच्या गीतांत ते स्तोत्र ठेवणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते, कारण त्या अंधारात बसलेली माणसं मी वॉर्डात पाहिली आहेत आणि त्यांना वाचून दाखवायला माझ्याकडे तेवढं एकच होतं.

विलापगीताचंही तसंच. यरुशलेम पडलं, मंदिर जळलं, त्यावरच्या या पाच कविता. पहिल्या चार इब्री वर्णमालेच्या २२ अक्षरांवर बांधलेल्या आहेत, जणू दुःखाला अ पासून ज्ञ पर्यंत बोलू द्यायचं असं ठरवलं होतं. पहिल्या अध्यायात 'तिचे सांत्वन करणारा कोणी नाही' हा सूर पाच वेळा येतो. देवाची दया रोज सकाळी नवी होते, हे आपल्या कॅलेंडरांवर छापलेलं वचन याच पुस्तकाच्या मधोमध आहे. शेवट मात्र 'तू आमचा अगदीच त्याग केलास काय?' अशा अर्थाच्या ओळीवर होतो. यहुदी लोक सभास्थानात हे वाचताना शेवटच्या ओळीनंतर तिच्या आधीची प्रार्थनेची ओळ पुन्हा म्हणतात. त्यांनाही तिथे थांबवत नाही.

वधस्तंभावर येशूनं २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ हाक मारल्यासारखी म्हटली: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? त्याच्या तोंडी जे पाप ठरलं नाही, ते लेकरू गमावलेल्या आईच्या तोंडी पाप कसं ठरेल?

विश्वास घट्ट असेल तर दुःख कमी होतं का?

मूळ भाषांवरून सगळं बायबल सोप्या मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पटकीनं पती. हे सगळं बाप्तिस्म्याच्या आधी, असं कुणी म्हणेल. पण एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, तेव्हा केडगावला भाषांतराचं काम चालू होतं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई स्वतः गेल्या. विलापगीताच्या आणि ईयोबाच्या ओळींना मराठी शब्द शोधणारी बाई ही होती. तिचा विश्वास कमी होता असं म्हणायची माझी तरी छाती होणार नाही.

रोमकरांस ८:२८ सांगावं का, 'सर्व गोष्टी मिळून कल्याण होते'?

वर्षभर तरी नको. त्याऐवजी दोनच ओळी वर जा. २६ व्या वचनात लिहिलंय की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला ठाऊक नसतं, तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्यानं आपल्यासाठी विनंती करतो. कण्हणं काय असतं ते रात्रपाळी केलेल्या कुणालाही विचारा. आणि चार अध्याय पुढे तोच पौल शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा म्हणतो.

शोक किती दिवस करावा?

मोशेसाठी ३० दिवस केला. याकोबासाठी मिसऱ्यांनी, म्हणजे इजिप्तच्या लोकांनी ७० दिवस केला, आणि नंतर त्याच्या मुलानं, योसेफानं वेगळा सात दिवस. दाविदानं मूल जिवंत असताना उपास केला आणि ते गेल्यावर उठून अंघोळ करून जेवला. चाकरांना ते कळेना. तोच दावीद दुसरा मुलगा अबशालोम मेल्यावर 'माझ्या पुत्रा, अबशालोमा' म्हणत थांबेना, तेव्हा सेनापती यवाबाला त्याला खडसवावं लागलं. माणूस एकच, मुलं दोन, आणि शोकाच्या दोन तऱ्हा. राहेलीविषयी तर लिहिलंय की तिनं सांत्वन करून घ्यायला नकार दिला, आणि यासाठी तिला कुणी दोष दिलेला नाही.

तेव्हा तेराव्या दिवसानंतर किंवा वर्षानंतर 'आता पुरे' म्हणणारं वचन शोधू नका.

कॅथलिक नातेवाईक मृतासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी ठेवतात. आपण जावं का?

जावं. त्यांच्या बायबलमध्ये मक्काबींची पुस्तकं आहेत आणि त्यात मृतांसाठी प्रार्थना केल्याचं वर्णन आहे. आपल्या प्रॉटेस्टंटांच्या छापील बायबलमध्ये ती पुस्तकं नाहीत, म्हणून आपली शिकवण वेगळी. सिराखचा ग्रंथही त्यांच्याकडे आहे. त्याच्या ३८ व्या अध्यायाची सुरुवात वैद्याला मान दे अशी होते, आणि त्याच अध्यायात पुढे मेलेल्यासाठी आसवं गाळ, एकदोन दिवस शोक कर, मग मन सावर, कारण गेलेला परत येत नाही, असं येतं. नर्स म्हणून मला तो अध्याय फार जवळचा वाटतो.

हिंदू शेजाऱ्यांच्या रक्षाविसर्जनाला गेलं तर चालतं का? तिथे काय बोलायचं?

मी जाते. नदीवर एका बाजूला उभी राहते. घरी गेल्यावर बायकांत बसते. बायबल सांगायची ती वेळ नव्हे. उपदेशक म्हणतो, मेजवानीच्या घरापेक्षा शोकाच्या घरी जाणं बरं, आणि ते घर कुणाचं हे त्यानं लिहिलेलं नाही.

लहान मुलांना 'देवाला आवडला म्हणून नेला' असं सांगावं का?

कृपा करून सांगू नका. बायबलमध्ये असं कुठेही नाही. सहा वर्षांच्या एका पोरानं हे ऐकल्यावर आपण देवाला आवडू नये म्हणून शहाण्यासारखं वागणं सोडून दिलं होतं, हे मी पाहिलंय. बाबा मेले, आपल्याला खूप वाईट वाटतंय, आई इथेच आहे, एवढं पुरतं. बाकी ते विचारेल तेव्हा.

'सांत्वन' म्हणजे मग करायचं तरी काय?

योहानाच्या १४ व्या अध्यायात येशू पवित्र आत्म्याला जे नाव देतो, त्याला आपल्या मराठी बायबलमध्ये फार चांगला शब्द आहे: कैवारी. कैवार घेणारा, म्हणजे आपल्या बाजूनं उभा राहणारा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'जवळ बोलावलेला' असाच आहे. आत्म्याचं काम कैवार घ्यायचं, आणि आपण मात्र शोकाच्या घरी जाऊन देवाचा कैवार घेतो! देवाला त्याची गरज नाही, हे ईयोबाच्या मित्रांना त्यानं सांगितलंच आहे.

२३ वं स्तोत्र वाचा, पण सावकाश. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' इथून पहिली तीन वचनं 'तो' नेतो, 'तो' चालवतो अशी आहेत. मृत्युच्छायेच्या दरीत शिरल्याबरोबर दावीद 'तू' म्हणायला लागतो: 'तू माझ्याबरोबर आहेस.' हे स्तोत्रही 'माझा' म्हणणाऱ्याचंच, म्हणून मी आधी विचारते, "वाचू का?" नको म्हटलं तर पुस्तक पिशवीत ठेवते.

जाताना काय न्यावं, आणि कधी जावं?

संदेष्टा एलीया रतामाच्या झाडाखाली मरण मागून झोपला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं, ऊठ, खा म्हणाला, आणि परत झोपू दिलं. मग दुसऱ्यांदा तेच. पहिल्या दिवसांत घरची चूल पेटत नाही, तेव्हा पिठलं-भाकरी, आमटी-भात, दूध आणि पाहुण्यांसाठी चहासाखर न्या. डबा परत मागू नका.

मात्र एकदाच जाऊन थांबू नका. ईयोबाच्या शेवटच्या अध्यायात सगळं निवळल्यावर त्याचे भाऊबहिणी आणि ओळखीचे लोक येतात, त्याच्या घरी त्याच्याबरोबर जेवतात आणि तेव्हाही त्याचं सांत्वन करतात. म्हणजे इतक्या उशिरासुद्धा ते लागत होतं.

आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात कुणी फिरकेना. एका संध्याकाळी शेजारच्या वहिनी ताट झाकून घेऊन आल्या: भाकरी, भरली वांगी, मिरचीचा खर्डा. "एकटीसाठी तवा तापवत नसाल," म्हणाल्या. खरंच तापवत नव्हते, चहा-पावावर दिवस निघत होते. त्या समोर बसल्या, आम्ही दोघी जेवलो. खर्डा वाढता वाढता त्यांनी विचारलं, "भाऊजींना याच्यावर तेल लागायचं ना?" तीन महिन्यांत घरात त्यांचा विषय कुणीच काढला नव्हता, मला त्रास होईल म्हणून. मी म्हटलं, "तेल नाही, दही लागायचं." आणि मग रात्री साडेनऊपर्यंत मी त्यांच्याबद्दलच बोलत बसले होते.